संमती कोणाची, देखरेख कशावर?

२ ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष ली जे-म्युंग यांनी परदेशी दत्तक पाठविण्यात आलेल्या कोरियन मुलांची, त्यांना वाढविणाऱ्या पालकांची आणि ज्या कुटुंबांतून ती मुले गेली त्या कुटुंबांची राष्ट्राच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. आदल्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, आंतरदेशीय दत्तकविधानासंबंधीचा १९९३ चा हेग करार त्या देशात अमलात आला होता. सुमारे सत्तर वर्षे चाललेल्या आणि किमान एक लाख चाळीस हजार मुले देशाबाहेर घेऊन गेलेल्या एका व्यवहाराचा हा कबुलीजबाब होय.

अशा बातमीकडे हृदय हेलावणारी कहाणी म्हणून पाहण्याची सवय भांडवली वृत्तपत्रांनी वाचकांना लावली आहे. पन्नाशीला आलेली मुलगी सेऊलच्या विमानतळावर म्हाताऱ्या आईला मिठी मारते, त्याचे छायाचित्र छापले जाते आणि विषय तिथेच संपतो. वस्तुतः तो तिथून सुरू व्हावयास हवा. कारण ह्या व्यवहाराचा फार मोठा भाग रात्रीच्या अंधारात, कायद्याच्या नजरेआड झालेला नव्हता. त्यासाठी विधिमान्य कायदा होता, मंत्रालय होते, परवाने होते, पारपत्रे होती, आणि प्रत्येक मुलाबरोबर शिक्क्यांनी भरलेली कागदांची चवड होती. शासनाची देखरेख नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. ती होती. मात्र ती कशावर होती आणि कशाकडे तिने पाठ फिरविली होती, हे नीट पाहिले म्हणजे भारतातील दत्तकविषयक कायद्याच्या आजवरच्या वाटचालीवरही पुष्कळ प्रकाश पडतो.

कोरियातील ह्या व्यवहाराचा उगम युद्धात आहे. १९५० ते १९५३ ह्या काळात कोरियाची भूमी बेचिराख झाली. अमेरिकी सैनिकांपासून कोरियन स्त्रियांच्या पोटी जन्मलेली मिश्रवंशीय मुले सिंगमन री यांच्या राजवटीला आपल्या ‘एकवंशीय’ राष्ट्रावरील डाग वाटत होती, आणि ती देशाबाहेर जावीत असेच तिचे धोरण होते. १९५५ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील हॅरी होल्ट नावाच्या एका धर्मनिष्ठ शेतकऱ्याने आठ कोरियन मुले एकदम दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला आणि पुढच्याच वर्षी होल्ट यांच्या नावाची संस्था उभी राहिली. ज्या राष्ट्राच्या सैन्याने त्या मुलांचे पिते कोरियात आणले आणि परत नेले, त्याच राष्ट्रात ह्या घटनेचा दयेचा कळस म्हणून गौरव झाला. होल्ट यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. व्यवस्था एकदा उभी राहिली म्हणजे ती कोणाच्या हेतूवर चालत नसते, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

मे १९६१ मध्ये लष्करी उठाव होऊन सत्ता पार्क चुंग-ही यांच्या हाती गेली आणि त्याच वर्षी अनाथ मुलांच्या दत्तकविधानासंबंधी खास कायदा करण्यात आला. युद्धात जन्मलेली मुले एव्हाना मोठी होऊ लागली होती. तरीही पाठवणी थांबली नाही. उलट ती वाढत गेली. एका वर्षात सर्वाधिक मुले देशाबाहेर गेली ती १९८५ मध्ये. त्या एका वर्षाचा आकडा ८,८०० च्या वर आहे. युद्ध थांबून तेव्हा बत्तीस वर्षे लोटली होती. कोरियन जहाजे, पोलाद व कापड जगाच्या बाजारात मिरवत होते आणि ऑलिंपिक सामन्यांची तयारी सुरू होती. देश दरिद्री होता म्हणून मुले पाठवावी लागली, हा युक्तिवाद ह्या एका आकड्याने निकालात निघतो. देशाची संपत्ती वाढत होती, आणि त्याबरोबर बाहेर जाणारी मुलेही वाढत होती.

ही मुले कोणाची होती? खेडी सोडून शहरांतील कापडगिरण्यांत व निर्यातीच्या कारखान्यांत आलेल्या तरुण कामगार मुलींची, अविवाहित वा टाकलेल्या स्त्रियांची, मजुरांच्या विस्कटलेल्या कुटुंबांतील. कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावावर चालणारी कौटुंबिक नोंदवहीची पद्धत त्या देशात २००८ पर्यंत टिकून होती. बाप नाव देत नसेल तर मुलाला समाजात धड जागाही मिळत नसे. स्वस्त श्रमावर उभारलेल्या ह्या प्रगतीत त्या मुलीच्या श्रमाला स्थान होते, तिच्या मुलाला नव्हते. बाळंतपणाची रजा, पाळणाघर, निवारा, निर्वाहभत्ता ह्यांपैकी कशावरही खर्च करण्यापेक्षा मूल विमानात बसविणे राज्यकर्त्यांना स्वस्त पडत होते. किंबहुना त्यात खर्च नव्हताच; परदेशी पालक शुल्क भरत होते.

देखरेखीचे खरे स्वरूप येथे उघड होते. अमेरिकेत प्रवेश मिळावा म्हणून मूल अनाथ असणे सोयीचे होते. तेव्हा जिवंत आई असलेल्या मुलाच्या नावाने आईबापांचा रकानाच रिकामा असलेली नवी नोंद, म्हणजे ‘अनाथाची नोंद’, तयार केली जाई. अशा मुलाचा कायदेशीर पालक कोण? तर त्याला परदेशी पाठविणाऱ्या संस्थेचा प्रमुख. दत्तकविधानास संमती देण्याचा अधिकार कोणाला? त्याच पालकाला. म्हणजे माल पाठविणाऱ्यानेच मालाच्या वतीने होकार द्यावयाचा, अशी ही रचना होती. पाठवणीपूर्वी एखादे मूल दगावले, किंवा आईबाप येऊन त्याला परत घेऊन गेले, तर त्याच्या तयार कागदांवर दुसरेच मूल रवाना केल्याची उदाहरणे चौकशीत सिद्ध झाली आहेत. त्या दुसऱ्या मुलाचे नाव, जन्मदिवस, गाव हे सारे आयुष्यभरासाठी परक्याचे झाले. सत्य व समेट आयोगाने २६ मार्च २०२५ रोजी आपले निष्कर्ष जाहीर केले. अकरा देशांत वाढलेल्या ३६७ जणांनी ह्या आयोगाकडे धाव घेतली होती; त्यांपैकी ५६ जणांच्या मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याचे आयोगाने तेव्हा मान्य केले. योग्य संमतीचा अभाव, खोट्या नोंदी, अदलाबदल, दत्तक पालकांची अपुरी तपासणी आणि त्यांच्याकडून शुल्काखेरीज ‘देणगी’ म्हणून उकळलेला पैसा ह्या साऱ्यांवर आयोगाने बोट ठेवले. १९८४ सालच्या एका छायाचित्रात विमानाच्या आसनांवर ओळीने पट्ट्यांनी बांधलेली तान्ही मुले दिसतात. त्या विमानातील प्रत्येक मुलाचे कागद तपासले गेले असणार, यात संशय नाही.

कोरियन राज्यकर्ते कधी हललेच नाहीत, असेही नाही. १९७० च्या दशकात उत्तर कोरियाने ‘दक्षिणेत मुले विकली जातात’ अशी टीका सुरू केली तेव्हा पाठवणी कमी करण्याच्या योजना निघाल्या. १९८८ च्या ऑलिंपिकच्या वेळी परदेशी वृत्तपत्रांनी मुलांच्या निर्यातीविषयी लिहिले तेव्हा आकडे झपाट्याने खाली आणले गेले. जगासमोर नाचक्की झाली की शासन हलते; कामगार वस्तीतील स्त्रीने टाहो फोडला तर हलत नाही. न्यायालयाची मंजुरी आणि जन्मानंतर सात दिवस उलटल्याखेरीज आईची संमती घेऊ नये हे बंधन कोरियात २०१२ मध्ये आले, आणि दत्तकाचे काम खासगी संस्थांकडून काढून शासनाकडे आले ते १९ जुलै २०२५ रोजी.

युद्ध, साम्राज्य आणि मुलांचा ‘उद्धार’ ह्यांचे नाते कोरियापुरते नाही. व्हिएतनाममधून अमेरिकेचा पाय निघत असताना, ३ एप्रिल १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी सायगावमधील मुले विमानाने हलविण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी त्यांपैकी एक लष्करी विमान कोसळून सत्तरहून अधिक मुले ठार झाली. जी अमेरिकेत पोहोचली त्यांतील काही मुले आपण अनाथ नाही, आपल्याला घर आहे असे सांगत होती. ते ऐकू आले, कारण त्यांची भाषा जाणणारी एक परिचारिका तिथे होती. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले. तान्ह्या मुलांना तर बोलताच येत नव्हते.

मुले नेणाऱ्या देशांतही आता हिशेब मागितला जात आहे. नेदरलँड्समधील चौकशी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये बांगलादेश, ब्राझील, कोलंबिया, इंडोनेशिया व श्रीलंका येथून आणलेल्या मुलांच्या प्रकरणांत गंभीर गैरव्यवहार झाले आणि सरकारला त्याची कल्पना होती, असा निष्कर्ष काढला. भारतीय वाचकाला अधिक जवळचा आहे तो स्वित्झर्लंडमधील अभ्यास. १९७३ ते २००२ ह्या काळात २,२७८ भारतीय मुले त्या देशात दत्तक गेली. झ्युरिक व थुरगाऊ ह्या दोन प्रांतांतील कागदपत्रे संशोधकांनी तपासली, तेव्हा अभ्यासलेल्या एकाही प्रकरणात जन्मदात्या आईबापांच्या संमतीचा दस्तऐवज त्यांना आढळला नाही. ह्या संशोधनाच्या ग्रंथाचे शीर्षकच ‘आई अज्ञात’ ह्या अर्थाचे आहे. स्विस कायद्याला तो दस्तऐवज हवा होता. तो नसतानाही मुले गेली, वाढली, मतदार झाली. जानेवारी २०२५ मध्ये स्विस सरकारने परदेशी दत्तकावर बंदी आणण्याचा आपला इरादा जाहीर केला.

वरील काळाच्या सीमा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. १९७३ ते २००२ ह्या कालखंडाच्या ऐन मध्यावर, ६ फेब्रुवारी १९८४ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लक्ष्मीकांत पांडे विरुद्ध भारत सरकार’ ह्या प्रकरणात आपला प्रसिद्ध निकाल दिला. ह्या निकालाकडे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण पुढील सारी व्यवस्था त्याच्याच पायावर रचली गेली.

तोवर भारतात परदेशी दत्तकाचा कायदाच नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. सर्वधर्मीयांसाठी दत्तकाचे विधेयक १९७२ साली मांडले गेले. काही समाजांच्या विरोधापुढे मान तुकवून ते मागे घेण्यात आले, आणि १९८० च्या दुसऱ्या विधेयकातूनही काही निष्पन्न झाले नाही. राज्यकर्त्यांनी अशी टाळाटाळ केल्यामुळे परदेशी पालकांना एकच वाट उरली: १८९० चा, वसाहतकाळातील पालकत्व कायदा. परदेशी दांपत्य येथील न्यायालयातून मुलाचे पालकत्व मिळवी, मूल देशाबाहेर नेण्याची परवानगी घेई, आणि खरे दत्तकविधान तिकडे, त्यांच्या कायद्याने होई. भारतीय न्यायाधीशाची सत्ता विमानतळापाशी संपत असे.

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलांनी ‘द मेल’ नावाच्या परदेशी नियतकालिकातील वृत्ताच्या आधारे सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. भारतीय मुले जीव धोक्यात घालून दूरदेशी नेली जातात आणि काळजी न घेतली गेल्याने त्यांच्यापैकी काही भीक मागण्याच्या वा वेश्याव्यवसायाच्या मार्गाला लागतात, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. न्या. पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालाने संसदेने करावयाचे काम केले. परदेशी दांपत्याने थेट अर्ज करावयाचा नाही, त्यांच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच करावयाचा. येथील संस्थेलाही शासनाची मान्यता हवी. प्रत्येक अर्ज तिसऱ्या, त्रयस्थ संस्थेने तपासावयाचा. आधी भारतीय पालक शोधावयाचे. प्रत्यक्ष खर्चापलीकडे पैसा घ्यावयाचा नाही. मूल गेल्यावर त्याच्या प्रगतीचे अहवाल मागवावयाचे. जन्मदात्यांची संमती जन्मापूर्वी घेऊ नये आणि मूल सोपविल्यावर त्यांना फेरविचारासाठी सुमारे तीन महिने द्यावेत, असेही निकालात आहे. त्या काळच्या मानाने ही मोठी झेप होती, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि ह्या निकालापूर्वी न्यायालयासमोर कोण कोण बोलले, हेही पाहावे. बालकल्याणाच्या राष्ट्रीय पातळीवरील परिषदा बोलल्या. स्वीडनच्या वकिलातीने आपले म्हणणे मांडले. परदेशी दत्तकसंस्था बोलल्या, भारतातील संस्था बोलल्या. ज्या स्त्रिया आपली मुले संस्थांच्या दारी सोडून गेल्या त्यांच्यापैकी मात्र कोणीही त्या दालनात नव्हते. त्याचा परिणाम निकालाच्या ठेवणीतच दिसतो. दत्तक घेऊ पाहणाऱ्याचे घर, उत्पन्न, आरोग्य, चारित्र्य ह्यांची तपासणी कशी करावी याचे बारीक नियम त्यात आहेत. मूल सोडणाऱ्या स्त्रीला कोणता आधार दिला असता तर तिने ते सोडले नसते, ह्याची चौकशी करण्याची सक्ती कोणावरही नाही. देखरेख सुरू होते ती मूल संस्थेत दाखल झाल्यावर. दाखल होईपर्यंतचे सारे खासगी मानले गेले.

ह्या ‘खासगी’ प्रदेशात काय घडत होते ते तत्कालीन आंध्र प्रदेशातील नळगोंडा व रंगारेड्डी भागांतील लंबाडा तांड्यांनी देशाला दाखविले. हा समाज महाराष्ट्रातील बंजारा-लमाण समाजाचाच भाऊबंद. कोरडवाहू, दुष्काळी मुलूख, कर्ज, तिसरी-चौथी मुलगी. १९९९ ते २००१ ह्या दरम्यान उजेडात आले की तांड्यांवर दलाल फिरत होते, नवजात मुली अत्यल्प रकमेत आईकडून घेतल्या जात होत्या, आणि मान्यताप्राप्त म्हणविणाऱ्या संस्थांमध्ये त्याच मुली ‘स्वेच्छेने सोपविलेल्या’ म्हणून नोंदल्या जात होत्या. परदेशी पालक ज्या हिशेबाने पैसे मोजत त्यात आणि तांड्यावर दिलेल्या रकमेत जे अंतर होते, तोच ह्या धंद्याचा नफा. आणि ह्या प्रत्येक मुलीच्या कागदांवर १९८४ च्या निकालाने घालून दिलेले सर्व शिक्के असू शकत होते. आंध्र सरकारने २००१ मध्ये दारिद्र्य, मुलांची संख्या वा नकोशी मुलगी ह्या कारणांवरून मूल सोपविण्यालाच मनाई केली. दलालांना हा तडाखा होता. परंतु ज्या आईच्या घरात दाणा नव्हता तिला ह्या मनाईने दाणा दिला नाही.

चेन्नईच्या झोपडपट्ट्यांतून पळविलेली मुले दत्तक म्हणून परदेशी गेल्याचे प्रकरण २००५ मध्ये उघडकीस आले. पुण्यातील एका संस्थेच्या कारभाराची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली. ही प्रकरणे एकेकट्या संस्थेचे पाप म्हणून मांडली जातात. ह्या देशात केंद्रीय दत्तक यंत्रणा १९९० पासून आहे आणि हेग करार १ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे, हे त्यावेळी कोणी बोलत नाही.

हेग कराराविषयी थोडे अधिक. ६ जून २००३ रोजी भारताने त्यास मान्यता दिली. करारातील शब्द निर्दोष आहेत: संमती स्वेच्छेची असावी, पैशाच्या मोबदल्यात मिळविलेली नसावी, आईची संमती मुलाच्या जन्मानंतरच घेतलेली असावी, कोणासही गैरवाजवी आर्थिक लाभ होऊ नये. पण ही संमती खरी आहे हे प्रमाणित कोणी करावयाचे? मूल पाठविणाऱ्या देशाने. घेणारा श्रीमंत देश त्या प्रमाणपत्रावर विसंबतो आणि हात झटकतो. गरीब देशातील तालुक्याच्या गावी, प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात, अशिक्षित स्त्रीच्या अंगठ्याचा ठसा कोणत्या परिस्थितीत उमटला हे हेगमधून दिसत नाही. ते पाहणारा माणूस त्या व्हरांड्यात असावा लागतो.

आज लागू असलेली व्यवस्था २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाची आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाला, म्हणजे ‘कारा’ला, त्याने वैधानिक दर्जा दिला. मूल सोपवावयाचे तर ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे. फेरविचाराची मुदत साठ दिवस. १९८४ मधील सुमारे तीन महिन्यांचे दोन महिने कसे झाले, आणि ते कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न संसदेत कोणी जोराने विचारल्याचे ऐकिवात नाही. मूल दत्तकास मोकळे ठरल्यावर साठ दिवसांत भारतीय वा अनिवासी भारतीय पालक न मिळाल्यास ते परदेशी पालकांसाठी खुले होते. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा अंतिम आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांना दिला, आणि सप्टेंबर २०२२ पासून ही दुरुस्ती अमलात आली. विलंब टळावा हे त्याचे कारण सांगितले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये प्रलंबित प्रकरणे न्यायालयांतून जिल्हाधिकाऱ्यांकडे हलविण्यास स्थगिती दिली. महसूल, निवडणुका, दुष्काळ, बंदोबस्त सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या मेजावर आणखी एक धारिका पडली की तो त्यातील कागद पूर्ण आहेत का एवढेच पाहणार. अशा अधिकाऱ्याकडून तांड्यावर जाऊन आईला भेटण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

सरकारचे उत्तर तयार आहे: परदेशी जाणारी मुले आता फार थोडी आहेत. आकडे तसे सांगतातही. २०२४-२५ मध्ये देशात एकूण ४,५१५ दत्तकविधाने झाली. त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. म्हणजे परदेशी गेलेली मुले सुमारे ३६०. त्यांतही मोठे प्रमाण अपंग, आजारी वा वयाने मोठ्या मुलांचे असते. भारतीय मध्यमवर्ग अशा मुलांना सहसा हात लावीत नाही, हेही कटू सत्य आहे. पण मागणी परदेशातून देशात आली म्हणून आईवरील दडपण कमी झालेले नाही. दत्तकासाठी नोंदणी करून वाट पाहणाऱ्या भारतीय पालकांची संख्या तीस हजारांच्या वर आहे, आणि नवजात बालकांचा चोरटा बाजार ह्याच तफावतीवर पोसला जातो. उत्तर प्रदेशातील बालतस्करीच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवजात बालक पळविले गेल्यास त्या रुग्णालयाचा परवाना तत्काळ निलंबित करावा असे बजावले. दत्तक घेणारे दांपत्य स्टॉकहोमचे आहे की दिल्लीचे, ह्याने मूल गमावणाऱ्या स्त्रीला काय फरक पडतो?

ह्यावर सरसकट बंदी हा उपाय अनेकांना सुचतो. इथिओपियाने २०१८ मध्ये बंदी घातली, चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंद केले. राष्ट्रीय स्वाभिमानाला ते रुचते, आणि राज्यकर्त्यांना तर फारच रुचते. कारण बंदीला दमडीचाही खर्च येत नाही. मात्र पाठीच्या कण्याच्या विकाराने जन्मलेले जे मूल येथील संस्थेत पाच वर्षे पडून आहे आणि ज्याच्यासाठी दूरदेशी एक घर खरोखरच उघडे आहे, त्याला बंदीच्या नावाखाली तिथेच ठेवणे ह्यात कसला स्वाभिमान? दार बंद करण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी मूल त्या दाराशी कसे येते ते पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात ह्या दृष्टीचा एक जुना दाखला आहे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने तिथे यावे, सुरक्षितपणे बाळंत व्हावे, तिला नाव-गाव विचारून छळले जाणार नाही. मूल तिने ठेवावे वा गृहाच्या हवाली करावे. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. दत्तक ह्या गोष्टीस तिथे स्थान होते. पण त्या घराचे दार आईसाठी उघडले होते. पुढच्या दीडशे वर्षांत राज्ययंत्रणा कित्येक पटींनी वाढली, आणि तरीही ती दत्तक घेणाऱ्याचे उत्पन्न जितक्या काटेकोरपणे तपासते तितक्या काटेकोरपणे मूल सोडणारीचे उत्पन्न तपासत नाही.

साधने नाहीत असे नाही. २०१५ च्या कायद्यात कुटुंबातच मूल राहावे म्हणून ‘प्रायोजकत्वा’ची तरतूद आहे; २०२२ पासून ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी दरमहा चार हजार रुपये ठरविले आहेत, आणि विधवा, घटस्फोटित वा घराने टाकलेल्या आईचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ही रक्कम तुटपुंजी आहे. तरीही बालकल्याण समितीपुढे मूल सोपविण्यास आलेल्या प्रत्येक स्त्रीला आधी ही मदत लेखी देऊ करणे आणि तिने ती का नाकारली हे नोंदविणे समितीवर बंधनकारक केले, तर ‘स्वेच्छा’ ह्या शब्दाला काही अर्थ उरेल. फेरविचाराच्या साठ दिवसांत त्या स्त्रीच्या राहण्याजेवणाची व्यवस्था शासनाच्या खर्चाने झाली पाहिजे; उपाशी माणसाचा फेरविचार पहिल्या विचारासारखाच असतो. समितीपुढील तिचा जबाब तिच्या मातृभाषेत, मग ती लमाणी असो, गोंडी असो वा संथाळी, तिच्याच शब्दांत उतरविला पाहिजे. संस्थेच्या छापील नमुन्यावरील अंगठा पुरेसा मानता कामा नये. आणि ज्या संस्थेला दत्तकापासून शुल्क मिळते तिच्या कर्मचाऱ्याने त्या आईचे ‘समुपदेशन’ करावयाचे नाही. ट्रेड युनियन व महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांना ह्या समित्यांच्या कामावर लक्ष ठेवता येईल. कित्येक जिल्ह्यांत ही समिती कुठे बसते हेसुद्धा लोकांना ठाऊक नसते.

राहता राहिला जुन्या कागदांचा प्रश्न. १९७० व १९८० च्या दशकांत मुंबई, दिल्ली, कलकत्ता येथील न्यायालयांत पालकत्वाचे जे अर्ज मंजूर झाले त्यांच्या धारिका आणि ज्या संस्थांनी ती मुले दिली त्यांच्या दाखल-नोंदवह्या हाच त्या मुलांच्या जन्माचा एकमेव माग आहे. ती मुले आज चाळिशी-पन्नाशीची आहेत. कोणी झ्युरिकहून येतो, कोणी गोथेनबर्गहून. त्याला मराठी येत नाही, बंगाली येत नाही, संस्थेचे जुने नावही बदललेले असते. २०१७ च्या दत्तक नियमावलीने तर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी मुळांचा शोध घेण्यासही मनाई केली. जन्मदात्रीची गोपनीयता जपली पाहिजे हे खरे. पण ह्या गोपनीयतेमागे संस्थांचे हिशेबही लपून राहतात. कोरियात जुलै २०२५ पासून खासगी संस्थांच्या ताब्यातील दत्तकाच्या नोंदी शासनाच्या राष्ट्रीय बालहक्क केंद्राकडे घेण्यास सुरुवात झाली. भारतातही बंद पडलेल्या व चालू असलेल्या सर्व संस्थांच्या नोंदवह्या, वाळवी लागण्यापूर्वी, राज्यांच्या अभिलेखागारांत आणल्या पाहिजेत, आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या प्रकरणांची चौकशी निवृत्त न्यायाधीशांच्या आयोगामार्फत झाली पाहिजे. त्या आयोगाने पहिल्या बैठकीस वकिलातींना व संस्थांना बोलाविण्याआधी नळगोंड्याच्या तांड्यांवर जावे. १९९९ मध्ये ज्यांच्या मुली गेल्या त्या स्त्रियांतील कित्येकजणी आज जेमतेम पन्नाशीच्या असतील.